पहिले चाळीस लिटर

शिरोलीच्या फाउंड्रीमागं, जनरेटरच्या शेडला लागून
आडवी निजलेली पाच हजारांची टाकी.
काल रिकामी केली,
रात्रभर झाकण उघडं ठेवलं, वास जावा म्हणून.
वास गेला नाही.

सेन्सरची नळी आत सोडते, बोल्ट आवळते,
लॅपटॉप एका पालथ्या बॅरलवर.
आधी त्याला सांगावं लागतं, रिकामं म्हणजे काय.
बटण दाबायचं: हे रिकामं.
आपणहून कळत नाही त्याला.

शेजारी भूपाल मगदूम उकिडवे बसलेत.
एका हातात पितळी काठी, रेघा अंगठ्यानं झिजलेल्या,
दुसऱ्या हातात खडू.
एकतीस वर्षं, सकाळी सातला,
काठीला खडू फासायचा, आत सोडायची,
ओल कुठवर आली बघायची,
तक्त्यावरून लिटर काढायचे, वहीत मांडायचे, खाली सही.
"चालू दे तुझं," म्हणाले,
"काठी हाय तवर मला काय घोर न्हाई."

मीटर लावून वीस लिटर सोडलं.
सेन्सर शून्य.
आणखी वीस.
शून्य.
वायर तपासली, अर्थिंग तपासलं,
सेन्सरवाल्या कंपनीचा मनातल्या मनात उद्धार केला.
मग मगदूमांनी काठी घातली.
तळाला टेकल्याचा आवाज आला.
वर काढली.
खडू कोरडा.

चाळीस लिटर आत गेलेलं
आणि दोघांनाही दिसेना.

गवंड्याची पाण्याची नळी मागवली,
एक टोक त्यांच्याकडं, एक माझ्याकडं.
लांबचं टोक आठ सेंटिमीटर खाली.
पलीकडचा कट्टा खचलाय, कुणाच्या लक्षात येणार,
वरून रंग दिलाय, जास्वंद लावलीय.
"पुराच्या वर्षी," मगदूम म्हणाले, "हितं छातीएवढं पाणी.
टाकी तरंगाय बघत हुती.
साखळदंडानं बांधली आमी. मी आन् इष्णूनं."
एवढं बोलून गप्प.

दुपारभर भरत राहिलो.
दर दोनशे लिटरला थांबायचं, पृष्ठभाग निवळू द्यायचा,
मग इकडं लिटर, तिकडं मिलिमीटर.
तळाशी आकडा टणाटण चढतो,
मध्यावर टाकी रुंद, तिथं तोच आकडा रांगतो.
शेडमध्ये भट्टीची धग, भडंगाचा पुडा, कोमट चहा.
पाच वाजता मीटरवर अडीच हजार.
काठीवरून, जुन्या तक्त्यानं,
तेवीसशे वीस.

मी वजाबाकी करायच्या आत ते म्हणाले,
"एकशे ऐंशी."

पूर ओसरल्यावरची पहिली मोजणी.
तेव्हाही टाकी अर्धीच होती.
एकशे ऐंशी लिटर कमी, किल्ली विष्णू लोहारकडं.
मालकांनी पोलीस बोलावले नाहीत,
उपकार केल्यासारखं नुसतं काढून टाकलं.
आता शाहूपुरीत गुळाच्या ढेपा उचलतो,
समोरून आला तर सायकल वळवून घेतो.
"वहीत सही माजी हाय," मगदूम म्हणाले.
"काठीनं दाखवलं, मी लिवलं. खोटं काय लिवलं न्हाई."
अंगठ्याखाली खडूचा चुरा झाला होता.

मी तक्ता सेन्सरमध्ये चढवला.
पडद्यावर आता २५००,
शेवटचा शून्य मधूनच एक होतो, परत शून्य होतो.
प्रिंट काढून दिली.
त्यांनी ती लांब धरून वाचली, बोटानं ओळ धरत,
अडीच हजारापाशी थांबले.
"ह्याच्यावर तारीख घाल."
आहे की, म्हटलं, वर छापलीय.
"ती आजची. पुराची घाल."

मशीनला मागची तारीख घालता येत नाही.
तसं सांगितलं. ऐकलं त्यांनी.
कागद तसाच पुढं धरून उभे.
मग मी पेन काढलं, कागद बॅरलवर पालथा घातला
आणि विचारलं,
"काका, मोजणी कुठल्या तारखेला झालती?"

त्यांना पाठ होती.
वारासकट.